पेत्र रडला, तेही लिहून ठेवलंय

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्याविषयी वाईट बोलायचं नाही, अशी रीत आहे. दहाव्याला जमलेली मंडळी चांगलंच बोलतात. जिवंत असलेल्या मोठ्यांच्या बाबतीतही आपण फार वेगळं वागत नाही. सासऱ्यांचा राग, दिराची दारू, नणंदेचं मोडलेलं लग्न, पोराने अर्धवट सोडलेलं कॉलेज... सगळं कसं उंबऱ्याच्या आत! पाहुण्यांसमोर हसतमुखाने चहा ठेवायचा आणि आतल्या खोलीत पदराने डोळे पुसायचे. घरातली गोष्ट घरात ठेवायची, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणूनच एखादी बाई पहिल्यांदा बायबल उघडते तेव्हा बावचळून जाते. तिला वाटलेलं असतं, धर्मग्रंथ म्हणजे सगळी देवमाणसं असणार. आणि आत पाहावं तर काय? आंधळ्या बापाला फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटणारा याकोब. रागाच्या भरात माणूस मारून वाळूत पुरणारा मोशे. पोटी मूल होत नाही म्हणून दासीला नवऱ्याच्या पदरात घालणारी आणि तिला दिवस गेल्यावर तिचाच छळ करणारी सारा. हे सगळे आमचे पूर्वज, विश्वासाचे थोर नमुने!

फैजपूर, सावदा, यावल या आपल्या केळीच्या पट्ट्यात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. रेल्वेमुळे भुसावळला थोडी जास्त आणि तिकडे नवापूरच्या आदिवासी भागात बरीच. त्यामुळे नाताळचा फराळ घेऊन गेलं की शेजारणी कुतूहलाने विचारतात. एखादी वाचन करणारी असली तर थेटच विचारते, "काय व ताई, हा दावीद म्हणजे तुमचा एवढा मोठा राजा ना? त्याने तर दुसऱ्याच्या बायकोवर नजर ठेवली, तिच्या नवऱ्याला मारवलं. अशा माणसाची स्तोत्रं तुम्ही चर्चमध्ये कशी म्हणता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर टाळू नये. कारण ख्रिस्ती बाईला आयुष्यात जी आशा वाटते, तिचं मूळ बरंचसं या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

राजाची चूक आणि तोंडावर बोलणारा

दावीदाची गोष्ट थोडक्यात अशी. सैन्य लढाईवर गेलेलं, राजा मात्र घरी. संध्याकाळी गच्चीवरून त्याला स्नान करणारी बथशेबा दिसली. ती उरीया नावाच्या शिपायाची बायको. राजाने माणसं पाठवून तिला आणवलं. तिला दिवस राहिले तेव्हा प्रकरण झाकायला राजाने उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतलं, घरी जायला सांगितलं. उरीया इमानी. सोबती उघड्यावर झोपत असताना मी घरी जाऊन सुखात कसा राहू, म्हणून तो राजवाड्याच्या दारातच झोपला. शेवटी राजाने सेनापतीला चिठ्ठी लिहिली, याला लढाईच्या तोंडी उभं करा आणि मागे सरा. ती चिठ्ठी उरीयाच्याच हातात दिली.

दुसऱ्या कुठल्या दरबारी लेखकाने ही गोष्ट लिहिली असती का? भाटांनी तर नक्कीच नाही. इथे मात्र ती तपशिलासकट लिहिली आहे. पुढे नाथान नावाचा संदेष्टा राजापुढे उभा राहतो आणि एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याची एकुलती एक कोकरी, लेकीसारखी वाढवलेली. शेजारच्या श्रीमंताकडे ढीगभर मेंढरं असून पाहुण्याच्या जेवणासाठी त्याने त्या गरिबाची कोकरी कापली. राजा संतापतो, असल्याला मरणच पाहिजे म्हणतो. तेव्हा नाथान सांगतो की तो माणूस तूच आहेस.

आणि दावीद कबूल करतो. सबबी सांगत नाही, बाईवर ढकलत नाही. एक्कावन्नावं स्तोत्र त्याने या वेळी रचलं असं परंपरा मानते. आजही मराठी चर्चमध्ये पश्चात्तापाच्या प्रार्थनेला ते वाचलं जातं. शेजारणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. आम्ही स्तोत्र म्हणतो ते दावीद स्वच्छ होता म्हणून नव्हे. त्याला आरसा दाखवल्यावर त्याने तोंड फिरवलं नाही, म्हणून.

पण तामारेचं काय?

उरलेलं अर्धं उत्तर जास्त अवघड आहे आणि बायकांनी ते नीट समजून घ्यायला हवं. कारण "दावीदाला देवाने क्षमा केली, मग तू कोण लागून गेलीस?" हे वाक्य कित्येक घरांत मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं जातं. क्षमा कर, गप्प बस, नांदायला जा. धर्म कुठलाही असो, वाक्य बदलतं, अर्थ तोच.

दावीदाची गोष्ट मात्र क्षमेपाशी थांबत नाही. त्याच्याच घरात पुढे त्याचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर बळजबरी करतो. तामार त्याला विनवते, असं करू नकोस, ही लाज घेऊन मी कुठे जाऊ, असं विचारते. तिचं ते बोलणं शास्त्रात तिच्याच तोंडी ठेवलेलं आहे. मग दावीद काय करतो? रागावतो. बस, एवढंच. पोराला जाब विचारत नाही. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहते. त्याची किंमत सगळं घर मोजतं. दुसरा मुलगा अबशालोम अम्नोनाला मारतो, पुढे बापावरच उठतो आणि शेवटी तोही मरतो.

म्हणजे बघा, क्षमा मिळाली म्हणून परिणाम पुसले गेले नाहीत. आणि बापाने आपल्या चुकीच्या लाजेपोटी म्हणा, मायेपोटी म्हणा, लेकीचा न्याय केला नाही, तीही चूकच म्हणून नोंदली गेली. तेव्हा कुणी दावीदाचं नाव घेऊन तुम्हाला मुकाट्याने सोसायला सांगत असेल, तर त्याला म्हणावं, पुढचं पान उलटा. क्षमा करणं आणि मार खात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखाच आहे. त्याचा आधार घेणारी बाई देवाचं काही मोडत नाही. नाथानाने राजाला जे सांगितलं, तेच ती सांगत असते.

आधी भाकरी, मग बोलणं

चुका फक्त पापाच्याच असतात असं नाही. कधी माणूस नुसता थकतो. हात-पाय गळतात. याचंही एक फार सुंदर प्रकरण जुन्या करारात आहे.

एलीया मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर शेकडो विरोधकांसमोर एकटा उभा राहून जिंकलेला. आणि दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीने जिवे मारीन असा निरोप पाठवला, तर हा घाबरून पळाला. रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, पुरे झालं आता, माझा जीव घे.

आता देवाने काय करावं? रागवावं? 'एवढा विश्वास कमी कसा पडला' म्हणून प्रवचन द्यावं? तसं काही झालं नाही. एलीया झोपला. देवदूताने त्याला हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, कारण वाट लांबची होती. बोलणं झालं ते नंतर, बऱ्याच दिवसांनी.

करपा पडलेली केळी, पडलेला भाव, सोसायटीचं कर्ज, आणि त्यात घरातला कर्ता माणूस बोलेनासा झालेला. असं घर आपल्या भागातल्या बाईला सांगावं लागत नाही. कधी बोलेनाशी झालेली ती स्वतःच असते. बाळंतपणानंतर, मूल गेल्यावर, किंवा उगीचच, कारण सापडत नाही असं. तेव्हा लोक म्हणतात, देवाचं नाव घे, मन घट्ट कर. एलीयाची गोष्ट सांगते की आधी जेवू घाला, झोपू द्या, जवळ बसा. विश्वास असलेल्या माणसालाही मरावंसं वाटू शकतं. त्याने तो देवाच्या मनातून उतरत नाही. हल्ली त्यासाठी डॉक्टर आहेत, औषधं आहेत. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवाही सुरू आहे. १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. देवदूत हल्ली फोनवरूनही भाकर देतो, असं समजायला काय हरकत आहे?

दोन शेकोट्या

नव्या करारात सगळ्यात जवळचा वाटतो तो पेत्र. मासे धरणारा, पटकन बोलणारा, पटकन तापणारा. सगळे सोडून गेले तरी मी तुला सोडणार नाही, असं येशूला छातीठोकपणे सांगणारा. त्याच रात्री येशूला धरून नेलं आणि वाड्याच्या अंगणात शेकोटीपाशी पेत्र हात शेकत बसला. एका साध्या दासीने विचारलं, तू त्याच्याबरोबर होतास ना? पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. असं तीनदा झालं. कोंबडा आरवला. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

या गोष्टीत मला एक गोष्ट विशेष वाटते. पेत्र पुढे मंडळीचा पुढारी झाला. त्याच्या हयातीतच ही गोष्ट सगळीकडे सांगितली जात असणार. त्याला ती दाबता आली असती. कोण विचारणार होतं? पण चारही शुभवर्तमानांत ती आहे. अंगणात त्या वेळी त्याचे बाकीचे सोबती जवळपास नव्हतेच. म्हणजे ती पेत्राने स्वतःच सांगितली असावी, असंच वाटतं.

आणि मग दुसरी शेकोटी. येशू पुन्हा उठल्यानंतर सरोवराच्या काठी निखारे पेटलेले, वर मासे भाजत ठेवलेले, शेजारी भाकर. येशू सगळ्यांना न्याहारीला बोलावतो. जेवणं झाल्यावर पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? एकदा नाही, तीनदा. जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा. आणि प्रत्येक उत्तरावर काम सोपवतो, माझी मेंढरं सांभाळ.

त्याच रात्री चुकलेला दुसरा एक शिष्य होता, यहूदा इस्कार्योत. त्यालाही पस्तावा झाला होता, पैसेही त्याने परत नेऊन टाकले होते. पण तो एकटाच निघून गेला आणि त्याने जीव दिला. पेत्र मात्र रडून पुन्हा आपल्या माणसांत आला, त्यांच्याबरोबर जाळं टाकायला गेला, म्हणून निखाऱ्यापाशी पोहोचला. चूक झाल्यावर माणसाने एकटं राहू नये आणि चुकलेल्याला आपण एकटं सोडू नये. एवढं जरी या दोघांकडून घेतलं तरी खूप झालं.

ही पेत्राची कथा मराठीला नवी नाही बरं का! फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यानंतर १६२९ च्या सुमारास गोव्यात एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच धर्मगुरूने खास पेत्राच्या चरित्रावर मराठीत पुराण रचून छापलं. एका चुकलेल्या माणसावर अख्खं पुराण, तेही आपल्या ओवीत!

पहिल्याच पानावरच्या चौघी

नव्या कराराचं पहिलं पान म्हणजे येशूची वंशावळ. नावांची लांबलचक यादी. बहुतेक जण ती वाचायचा कंटाळा करतात. पण नीट पाहिलं तर पुरुषांच्या त्या यादीत मरीयेच्या आधी चार बायका आहेत. सारा-रिबका अशा मानाच्या कुलस्त्रिया त्यात नाहीत. पहिली तामार, ही दावीदाच्या लेकीहून वेगळी, कितीतरी आधीची. ती विधवा सून. सासऱ्याने शब्द मोडला म्हणून वेश बदलून तिने त्यालाच चुकवलं. दुसरी राहाब, यरीहोची वेश्या. तिसरी रूथ, परमुलखातली, दुसऱ्या जातीची विधवा. आणि चौथीचं तर नावही दिलेलं नाही, 'उरीयाची बायको' एवढंच म्हटलंय. बथशेबा! तिचं नाव गाळलं, पण उरीयाचं घातलं. म्हणजे राजाने ज्याला मारून टाकलं तो शिपाई राजघराण्याच्या यादीत कायमचा बसला. न्याय असाही करता येतो.

सोयरीक जुळवताना आपण घराण्यातल्या कुठल्या बायकांची नावं लपवतो, ते आठवून बघा. इथे तीच नावं पहिल्या पानावर आहेत.

आणि ही यादी आपल्या मराठीत कुणाच्या हातून आली? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या, पुणे जिल्ह्यात केडगावला 'मुक्ती सदन' उभं राहिलं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी तिथे 'कृपा सदन' हे वेगळं घर होतं. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण तिला खंत ही की बायबलचं मराठी साध्या बाईला कळत नाही. म्हणून तिने हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. वर्षानुवर्षं चाललेलं हे काम ५ एप्रिल १९२२ रोजी तिचं निधन होण्याच्या जरा आधी पुरं झालं. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात झाली, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका. राहाबचं नाव, तामारेचं नाव त्यांच्या बोटांनी एकेक अक्षर करून जुळवलं असेल. त्यांना ते वाचताना काय वाटलं असेल, याची आपण कल्पनाच करायची.

आपल्या लक्ष्मीबाई

थोरांच्या चुका न झाकता सांगायची ही रीत मराठीत जिने घरच्या चुलीपर्यंत आणली, ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १९३६ हे वर्ष फैजपूरकरांना पाठ असतं. त्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या गावी झालं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत, २४ तारखेला लक्ष्मीबाई गेल्या. मागे 'स्मृतिचित्रे' ठेवून गेल्या.

त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाचं भूषण. त्यांची भजनं आजही चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हटली जातात. खानदेशाशीही त्यांचा ऋणानुबंध. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं तेव्हा ते होते. त्याच संमेलनात धरणगावचा कोवळा ठोंबरे 'बालकवी' झाला आणि पुढे टिळकांच्या घरी लेकरासारखा राहिला. अशा माणसाचं चरित्र बायकोने लिहायचं म्हणजे आरतीच व्हायची!

लक्ष्मीबाईंनी आरती लिहिली नाही. टिळकांचा शीघ्रकोप त्यांनी लिहिला. न सांगता घरातून निघून जाणं लिहिलं. हातात आलेला पैसा कुणालाही देऊन मोकळं होणं आणि मग घरात काय शिजवायचं याची पंचाईत, तेही लिहिलं. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी कर्मठ घरात वाढलेल्या या बाईवर आकाश कोसळलं. नवऱ्यापासून ताटातूट, नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस, लोकांची बोलणी. हे दुःख त्यांनी पातळ केलं नाही. पुढे १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या मागे फरपटत जाऊन घेतला नाही. माणसामाणसांतला विटाळ त्यांच्या मनातून आधी गेला, मग त्या गेल्या.

गंमत म्हणजे पुस्तक वाचून टिळकांविषयी मनात अढी बसत नाही. उलट माया वाटते. कारण त्यांचा चांगुलपणाही तितकाच खरा वाटतो. ज्या बाईने राग लपवला नाही, तिने प्रेम लिहिलं की आपला त्यावर विश्वास बसतो. स्वतःचे वेडेपणही त्या हसत हसत सांगतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य चौसष्ट अध्यायांची भर घालून पुढे नेलं. ज्या माणसाने आपल्याला एवढं रडवलं, त्याचं काम पुरं करायला बसणं... याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

अर्थात असं सांगण्याची मिरास काही ख्रिस्ती माणसांचीच नाही. वाल्याचा वाल्मीकी आपण लहानपणापासून ऐकतो. तुकोबांनी आपले दोष अभंगांत उघडे मांडले. आणि ज्या अमळनेरच्या मास्तरांनी फैजपूरच्या अधिवेशनासाठी रान उठवलं, त्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेला श्याम आहे, आईचा मार खाल्लेला श्याम आहे. श्याम पहिल्यापासून गुणी असता, तर त्याच्या आईची गोष्ट कुणी वाचली असती?

आईच्या घरी परतलेला मुलगा

शेवटी एका पोराविषयी सांगते, कारण मे-जूनमध्ये निकाल लागले की कित्येक घरांत चूल पेटत नाही.

पौल आणि बर्णबा हे दोघे मोठे प्रचारक प्रवासाला निघाले, तेव्हा मदतीला मार्क नावाचा तरुण घेतला. अर्ध्या वाटेत त्याने अंग काढून घेतलं आणि तो यरुशलेमेला घरी परत आला. घर म्हणजे त्याच्या आईचं, मरीयेचं. ते काही साधं घर नव्हतं. गावातली सगळी मंडळी त्या घरात प्रार्थनेला जमायची. म्हणजे पोरगं हरून आलं ते सगळ्या ओळखीच्या लोकांसमोर! आईला किती जणांनी विचारलं असेल, काय झालं हो, लवकर आला?

पुढच्या खेपेला बर्णबा म्हणाला, मार्कला पुन्हा घेऊ. पौल म्हणाला, मुळीच नको, अर्ध्यात सोडून जातो. दोघांचं एवढं भांडण झालं की वाटा वेगळ्या झाल्या. पुढाऱ्यांचं हे भांडणही शास्त्रात लपवलेलं नाही. बर्णबा मार्कचा चुलतभाऊ. त्याने मार्कला घेतलं आणि तो निघाला. बरीच वर्षं गेली. पौल म्हातारा झाला, तुरुंगात पडला, एकटा राहिला, तेव्हा त्याने पत्रात लिहिलं की मार्कला घेऊन ये, मला त्याचा उपयोग आहे. चारांपैकी सर्वांत लहान शुभवर्तमान याच मार्काने लिहिलं, असं परंपरा मानते. आणि जुने लोक असंही सांगतात की त्याने ते पेत्राच्या तोंडून ऐकून लिहिलं. अर्ध्यातून पळालेल्या पोराने, तीनदा नाकारणाऱ्या म्हाताऱ्याकडून ऐकून!

मार्क घरी परत आला त्या दिवशी आईने त्याला काय म्हटलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. ती रागावली असेल, रडली असेल, किंवा काहीच न बोलता ताट वाढलं असेल. एवढं मात्र खरं की तिचं दार उघडं होतं, आणि थोड्या दिवसांनी तो पोरगा त्याच दारातून पुन्हा प्रवासाला निघाला.